डावा हात

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
याकुबभाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
हातोडी पुसून बाजूला ठेवली, म्हणाला,
'ओळखतो तुम्हाला. दोन हजार तीनशे.'

मला आठवेना. त्याला दारसुद्धा आठवत होतं :
पांढरी गाडी, मागचं डावं.
मी फॉर्मवर लिहिलं होतं, 'पोचा किरकोळ, रंगकाम अमान्य'
आणि त्याच्या बिलातून तेवढे कापले होते.

सोळा वर्षं हेच केलं.
दांडिया बाजारातल्या कचेरीतून स्कूटरवर निघायचं,
मोडक्या गाडीभोवती एक फेरी मारायची,
देवळाभोवती मारतात तशी, पण घाईत,
आणि लिहायचं : बंपर बदला. फेंडर ठोका. घसारा पन्नास टक्के.
मग फोनच फोटोवरून ठरवायला लागले
काय मोडलं, किती मोडलं.
एका मंगळवारी साहेबानं स्वतःच्या पैशानं
माझ्यासाठी सेव-उसळ मागवली.
तेव्हाच समजलो.

तर आता पंचेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ.
सोबत तौसीफ, धवल आणि तरसालीची कृपा शिर्के,
जी वेल्डिंगचा चष्मा केसांवर सरकवून
मला काका म्हणते आणि माझ्या चुका मोजते.

पहिला महिनाभर एकच बॉनेट.
'डोळ्यानं नाही, हाथथी जुओ,' याकुबभाई सांगतो,
'आणि उजव्यानं नाही. उजवा शिकलेला आहे,
त्याला जे पाहिजे तेच लागतं.'
मग डोळे मिटून, सुती मोज्यातला डावा तळवा
पत्र्यावरून सरकवत न्यायचा.
इथे उंच. इथे खोल.
इथे काही नाही असं वाटतं, तिथे परत.
डॉली आतून खोलाखाली धरायची,
हातोडी शेजारच्या उंचवट्यावर, हलकी, मोजून.
मी मोजलं नाही.
पत्रा ताणला गेला, दाबला की आत, सोडला की बाहेर,
तुपाच्या डब्याच्या बुडासारखा टॉक, टॉक.
शेडभर हसू.
'जास्त दुरुस्ती म्हणजे दुसरा ॲक्सिडेंट, काका,' कृपा म्हणाली,
आणि गॅसची ज्योत, ओलं फडकं घेऊन
तो कसा आकसून आणायचा ते दाखवलं.

पावसाळा सरताना हालोल रोडवरून एक गाडी आली,
ओढून आणलेली.
तिला बेंचवर बांधलं, साखळ्या लावल्या.
याकुबभाई खडूनं पत्र्यावर आकडे टाकत गेला, उलटे :
शेवटी जे वाकलं ते आधी काढायचं.
छताची सुरकुती, मग खांब, मग दार,
आणि जिथं पहिल्यांदा लागलं
तिथं सगळ्यात शेवटी.
मी दोन शब्दांत संपवलं असतं : समोरून धडक.
साखळी ताणली की लोखंड कण्हतं.
अर्धा मिलिमीटर. थांबायचं. परत अर्धा.

सीटखाली मेंदीचा कोन सापडला,
चेपलेला, टोकाशी वाळून काळा.
फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
कुणी काही विचारलं नाही.
याकुबभाईनं तो खिडकीत ठेवला,
आणि दोन दिवस तिथल्या स्क्रूच्या डबीला
कुणी हात लावला नाही.

पुट्टी. ऐंशीचा कागद, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस,
पाणी, परत कागद. दाराचा राखाडी रंग
तौसीफनं चौथ्या खेपेला जुळवला.
मालक आला, गाडीभोवती एक फेरी, घाईत,
म्हणाला, 'काही झालंच नव्हतं जणू.'
त्याच्या मागून एक पोरगा फोन धरून फोटो काढत होता.
मी त्याला सांगणार होतो, हात लावून बघ.
नाही सांगितलं.

पहिला स्टायपेंड मिळाला त्या संध्याकाळी
मी तेवीसशे मोजून याकुबभाईपुढे ठेवले.
त्यानं मोजले, दोन हजार खिशात घातले,
तीनशे परत माझ्या हातावर. डाव्या.

'घसारा,' म्हणाला,
आणि शटर ओढायला मला हाक मारली,
एका बाजूनं ते अजून अडकतं.